सापडलेला रोग आणि उरलेली वर्षे

रोग जितक्या लवकर ओळखता येईल तितके चांगले, असे आपण आरोग्याच्या तासाला मुलांना सांगतो. क्षय, मधुमेह, रक्तदाब, गर्भाशयमुखाचा कर्करोग अशी उदाहरणे देतो आणि ती बरोबरच असतात. परंतु एका रोगाने या साध्या वाक्याला गेली नव्वद वर्षे पेचात टाकले आहे. तो म्हणजे प्रोस्टेटचा, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग. तो मुख्यतः उतारवयातील पुरुषांना होतो. बहुतेकांमध्ये तो इतका सावकाश वाढतो की माणूस त्याच्यासह जगतो आणि दुसऱ्याच कारणाने जातो. काहींमध्ये मात्र तो हाडांपर्यंत पसरतो आणि फार वेदना देऊन माणसाचा अंत करतो. असा रोग शोधत बसावे का, कोणत्या वयापर्यंत शोधावा आणि सापडल्यावर काय करावे, या प्रश्नांचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. वैद्यकातील पुरावा कसा जमतो आणि तो अंकांच्या भाषेत कसा वाचावा, हेही त्यातून समजते.

दुर्मिळ म्हणून नोंदलेला रोग

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रनलिका तिच्यामधून जाते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वय वाढते तशी ही ग्रंथी बहुतेक पुरुषांमध्ये फुगते. मग मूत्रनलिका दाबली जाते, लघवीची धार बारीक होते, रात्री दोनतीनदा उठावे लागते. ही झाली साधी वाढ. ती कर्करोग नव्हे, आणि तिचे रूपांतर कर्करोगात होते असेही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वयात आणि एकाच ग्रंथीत होतात, म्हणून घोटाळा होतो.

१८५३ साली लंडन हॉस्पिटलमधील शल्यवैद्य जे. अ‍ॅडम्स यांनी या ग्रंथीच्या कर्करोगाचा एक रुग्ण सूक्ष्मदर्शकाच्या पुराव्यासह नोंदवला. हा रोग अत्यंत दुर्मिळ आहे, असे त्यांनी लिहिले. तेव्हा ते खरेच वाटत होते, कारण त्या वयापर्यंत जगणारे लोकच थोडे होते. शिवाय लघवी अडून मेलेल्या म्हाताऱ्याच्या ग्रंथीची चिकित्सा कोण करणार? १९०४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया केली. पण बहुतेक रुग्ण येत तेव्हा रोग ग्रंथीबाहेर गेलेला असे.

रोगाची कल्पना पालटली ती १९३५ साली, त्याच रुग्णालयाच्या शवविच्छेदनगृहात. आर्नोल्ड रिच या विकृतिशास्त्रज्ञाने पन्नाशी ओलांडलेल्या २९२ पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथी तपासल्या. ही माणसे निरनिराळ्या कारणांनी वारली होती. त्यांपैकी ४१ जणांच्या, म्हणजे सुमारे १४ टक्के लोकांच्या ग्रंथीत कर्करोगाचे लहान केंद्र आढळले. त्यांतील बहुतेकांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नव्हता. १९५४ साली लंडनमध्ये एल. एम. फ्रँक्स यांनी अशीच पाहणी केली. वय जितके जास्त, तितके हे सुप्त कर्करोग अधिक, असे दिसले.

म्हणजे दुर्मिळ समजला गेलेला हा रोग म्हातारपणी अगदी सर्रास आढळतो. दुर्मिळ आहे ते त्याने मरणे. ही माहिती १९३५ पासून छापील होती. पुढे काय झाले ते पाहताना ती लक्षात ठेवायला हवी.

मधल्या काळात उपचारात एक मोठी भर पडली. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. अंडकोष काढले किंवा स्त्री-हार्मोन दिले तर कित्येक रुग्णांच्या हाडांतील वेदना थोड्याच दिवसांत कमी होतात. हगिन्स यांना याबद्दल १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा उपचार रोग मुळापासून काढत नाही, पण त्याला बराच काळ दाबून धरतो. आज शस्त्रक्रियेऐवजी इंजेक्शने आणि गोळ्या वापरतात, पण तत्त्व तेच आहे.

एका थेंबातील प्रथिन

१९७९ साली अमेरिकेत बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत टी. मिंग चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टेटमधून एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, म्हणजे पीएसए, हे त्याचे नाव. या प्रथिनाचे नेहमीचे काम वीर्य पातळ करणे. त्याचा अगदी थोडा अंश रक्तात झिरपतो आणि तो नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजतात.

नावातच एक खुबी आहे. हे प्रथिन प्रोस्टेटचे विशेष आहे, कर्करोगाचे नाही. साध्या वाढीने, जंतुसंसर्गाने, कर्करोगाने, कशानेही ते रक्तात वाढते. म्हणून १९८६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही तपासणी मान्य केली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. ग्रंथी काढल्यानंतर पीएसए शून्याजवळ जायला हवे. पुन्हा वाढले तर रोग उलटला असे समजायचे. या कामासाठी ही तपासणी उत्तम आहे, आणि आजही त्यात वाद नाही.

वाद सुरू झाला तो पुढच्या पायरीवर. १९९१ साली सेंट लुईसच्या विल्यम कॅटलोना यांनी पन्नाशीपुढच्या १६५३ निरोगी पुरुषांची पीएसए पाहून निबंध प्रसिद्ध केला. एका मिलिलिटरमध्ये ४ नॅनोग्रॅम ही रेषा मानली गेली. तिच्या वर आकडा गेला की सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासायचे, म्हणजे बायॉप्सी करायची. १९९४ साली रोग शोधण्यासाठीही या तपासणीला मान्यता मिळाली. तोपर्यंत तिचा प्रसार केव्हाच झाला होता. अमेरिकेत नव्या निदानांची संख्या १९९२ साली शिखराला पोचली. १९९९ साली तेथील टपाल खात्याने दरवर्षी तपासणी करा असा संदेश देणारे तिकीटही काढले. तपासणीने जीव वाचतात हे तोपर्यंत कोणत्याही मोठ्या प्रयोगाने सिद्ध झालेले नव्हते!

चाळणी तपासणी कधी करावी याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ सालीच मांडले होते. रोगाचा नैसर्गिक प्रवास नीट माहीत हवा आणि कोणावर उपचार करायचे हे ठरलेले हवे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. प्रोस्टेटच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टींचा पत्ता नव्हता. कोणता कर्करोग झोपून राहील आणि कोणता उठेल, हे रक्ताचा थेंब सांगत नव्हता.

४ ही रेषाही पुढे डळमळली. आकडा ४ ते १० मध्ये असलेल्या साधारण चार पुरुषांपैकी एकाच्याच बायॉप्सीत कर्करोग मिळतो. उलट २००४ साली अमेरिकेतील एका औषध-प्रयोगात, ज्यांचा आकडा ४ किंवा त्याहून कमी होता अशा २९५० पुरुषांची बायॉप्सी झाली आणि १५ टक्क्यांत कर्करोग निघाला. जणू रिच यांचे शवविच्छेदनगृहच जिवंत माणसांत पुन्हा उघडले!

टक्केवारीचा फसवा खेळ

२००७ साली न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करत होते. त्यांना स्वतःला हा रोग होऊन गेला होता. अमेरिकेत यातून वाचण्याची शक्यता ८२ टक्के आहे, पण इंग्लंडमध्ये फक्त ४४ टक्के, असे त्यांनी सांगितले. ऐकणाऱ्याला वाटावे की इंग्लंडमध्ये रुग्ण दुप्पट-तिप्पट मरतात. प्रत्यक्षात या रोगाने मरणाऱ्यांचे लोकसंख्येशी प्रमाण दोन्ही देशांत जवळजवळ सारखेच होते. मग ही तफावत कोठून आली?

हे गणित आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येईल. समजा, एका गृहस्थांना ७८ व्या वर्षी त्रास सुरू होऊन निदान झाले आणि ८१ व्या वर्षी ते वारले. निदानानंतर ते ३ वर्षे जगले, म्हणजे पाच वर्षे जगणाऱ्यांच्या यादीत ते नाहीत. आता समजा, त्यांचा रोग ७० व्या वर्षीच तपासणीत सापडला, पण उपचाराने काही फरक पडला नाही आणि ते ८१ व्या वर्षीच वारले. निदानानंतर ते ११ वर्षे जगले! आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही, फक्त रुग्ण म्हणून जगण्याची वर्षे आठने वाढली.

दुसरे गणित असे. एका गावात खऱ्या अर्थाने धोकादायक रोगाचे ३० रुग्ण आहेत. पाच वर्षांनी त्यांतले १५ जिवंत आहेत, म्हणजे ५० टक्के. मग गावात तपासणी आली आणि कधीच त्रास न देणारे आणखी ७० कर्करोग सापडले. आता रुग्ण १०० आणि जिवंत ८५, म्हणजे ८५ टक्के. मृत्यू मात्र तेव्हाही १५ आणि आताही १५. या ७० जणांच्या निदानाला अतिनिदान म्हणतात. ते चुकीचे निदान नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग खराच असतो. पण माणसाच्या आयुष्याशी त्याचे काही देणेघेणे नसते.

म्हणून तपासणीचा उपयोग निदानानंतर किती वर्षे जगले यावरून कळत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गट करावे लागतात. एकाला तपासणीचे बोलावणे द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही गटांत या रोगाने किती मेले ते वर्षानुवर्षे मोजायचे.

तेवीस वर्षांचा हिशेब

असे दोन मोठे प्रयोग १९९० च्या दशकात सुरू झाले आणि २००९ साली त्यांचे पहिले निष्कर्ष एकाच वेळी छापून आले. अमेरिकेतील सुमारे ७६ हजार पुरुषांच्या प्रयोगात तपासणीचा फायदा दिसला नाही. पण त्यात बोलावणे न दिलेल्या गटातील बहुतेकांनीही बाहेर पीएसए करून घेतली होती, असे पुढे स्पष्ट झाले. तुलना करायला तपासणी न झालेला गट उरलाच नव्हता. युरोपातील प्रयोगात ५५ ते ६९ वयाचे सुमारे १ लाख ६२ हजार पुरुष होते. तेथे तपासणीच्या गटात मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र एक मृत्यू टाळण्यासाठी १४१० जणांना बोलवावे लागले आणि ४८ जादा पुरुषांवर उपचार करावे लागले.

२०२५ साली याच प्रयोगाचे २३ वर्षांचे निकाल आले. आता घट १३ टक्के होती. पण एका टाळलेल्या मृत्यूमागे बोलावण्यांची संख्या ४५६ वर आणि जादा निदानांची संख्या १२ वर उतरली होती. साध्या भाषेत, बोलावणे नसलेल्या १००० पुरुषांमागे २३ वर्षांत या रोगाने सुमारे १६ मेले, बोलावणे असलेल्या १००० मागे सुमारे १४. फायदा आहे, तो खरा आहे, पण लहान आहे.

शिक्षकाने या आकड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी. पहिली सात-आठ वर्षे दोन्ही गटांच्या मृत्यूंत जवळपास फरक नव्हता. फायदा त्यानंतर दिसू लागला आणि वर्षे गेली तसा वाढत गेला. नुकसान मात्र उपचाराच्या दिवसापासून सुरू होते. ब्रिटनमधील एका प्रयोगात तपासणीत रोग सापडलेल्या, ५० ते ६९ वयाच्या १६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि फक्त देखरेख. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवी गळते म्हणून पॅड वापरावे लागत होते आणि सहा वर्षांनीही १७ टक्क्यांना. लैंगिक क्षमतेवर होणारा परिणाम वेगळाच. आणि २०२३ साली, १५ वर्षांनंतर, या रोगाने झालेले मृत्यू किती होते? देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२, किरणोपचाराच्या गटात २.९. हा फरक योगायोगानेही येऊ शकेल इतका लहान आहे. मात्र देखरेखीच्या गटात रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण ९.४ टक्के होते, शस्त्रक्रियेच्या गटात ४.७, किरणोपचाराच्या गटात ५. हेही विसरून चालणार नाही.

न्यूयॉर्कचे प्रोस्टेट-तज्ज्ञ विलेट व्हिटमोर यांनी हा सगळा पेच फार पूर्वी एका प्रश्नात मांडला होता: ज्यांना बरे करणे गरजेचे आहे त्यांना बरे करणे शक्य आहे का, आणि ज्यांना बरे करणे शक्य आहे त्यांना ते गरजेचे आहे का? स्वतः व्हिटमोर १९९५ साली याच रोगाने गेले. प्रश्न विचारणाऱ्याला रोग हलका वाटत होता असे कोणी म्हणू नये.

म्हातारपणी काय करावे?

आता आपल्याला वयाच्या मुद्द्याकडे येता येईल. फायदा मिळायला दहा-पंधरा वर्षे लागत असतील आणि नुकसान आजच होत असेल, तर उरलेली वर्षे जितकी कमी तितका सौदा वाईट. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांवरील तज्ज्ञगटाने २००८ साली ७५ वर्षांपुढे ही चाळणी नको असे सांगितले. २०१२ साली त्यांनी सर्वच वयांना नको म्हटले. त्यानंतर तपासण्या घटल्या आणि पुढील वर्षांत दूरवर पसरलेल्या अवस्थेत निदान होणाऱ्यांचे प्रमाण तेथे वाढत गेले. २०१८ साली सल्ला पुन्हा बदलला: ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावे, सत्तरीपुढे चाळणी करू नये.

मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडन यांना ८२ व्या वर्षी हाडांपर्यंत पसरलेला, आक्रमक प्रकारचा हा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. त्यांची ज्ञात असलेली शेवटची पीएसए तपासणी २०१४ सालची, असे त्यांच्या कार्यालयाने सांगितले. इतक्या मोठ्या माणसाची तपासणी कशी झाली नाही, असे अनेकांनी विचारले. इतरांनी दाखवून दिले की सत्तरीनंतर तपासणी थांबवणे हे सल्ल्याला धरूनच होते. हा रोग हार्मोन-उपचाराला दाद देणारा दिसतो, असेही तेव्हा सांगण्यात आले. ८४ वर्षांपूर्वीचा हगिन्स यांचा शोध अजून कामाला येतो तो असा.

या उदाहरणावरून नियम चुकीचा ठरत नाही, आणि नियम आहे म्हणून उदाहरण खोटे ठरत नाही. नियम सरासरीचा असतो, माणूस एकटा असतो. आमच्या मते म्हातारपणी चार प्रसंग वेगळे ठेवले तर बराच गोंधळ टळतो.

पहिला प्रसंग: काहीही त्रास नाही, वय सत्तरीपुढचे. येथे तपासणी न करणे हा हलगर्जीपणा नव्हे, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असे आणखी काही असेल तर तो बहुधा योग्यच ठरतो. धडधाकट माणसाला तरीही तपासणी हवी असेल तर आकडा वाढला तर पुढे काय, हे आधी ठरवावे. पुढचे काही करायचेच नसेल तर आकडा फक्त झोप घालवतो.

दुसरा प्रसंग: लघवी अडते, लघवीतून रक्त जाते, पाठीची किंवा कमरेची हाडे सतत दुखतात. ही चाळणी नव्हे, हा रोगाचा शोध आहे. येथे वयाचा नियम लागू नाही, डॉक्टरांकडे जायलाच हवे.

तिसरा: लहान, सौम्य कर्करोग सापडला आहे. कर्करोग हा शब्द ऐकताच घरची मंडळी ऑपरेशनची घाई करतात. पण टोरांटोच्या लॉरेन्स क्लॉट्झ यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेली सक्रिय देखरेखीची पद्धत आज सर्वमान्य झाली आहे. ठरावीक काळाने तपासायचे आणि रोग उठतो असे दिसले तरच उपचार करायचे. फार वृद्ध किंवा आजारी माणसात तेवढेही नको, त्रास झाला तर त्यावर औषध द्यायचे. आता बायॉप्सीपूर्वी एमआरआय करण्याचीही सोय आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० पुरुषांच्या प्रयोगात एमआरआय झालेल्यांपैकी २८ टक्क्यांना बायॉप्सीची गरजच पडली नाही.

चौथा: रोग आक्रमक आहे किंवा पसरला आहे. अशा वेळी आता या वयात काय करायचे, असे म्हणून उपचार नाकारणे हीदेखील चूकच. ऐंशीच्या माणसालाही वेदनेविना दोन-चार वर्षे मिळाली तर ती त्याची असतात.

आपल्याकडे या विषयाची आठवण आता व्हायला कारण आहे. मुंबईत भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ साली देशातील पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली. तिच्यासारख्या नोंदण्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसते. पण आपले आयुर्मान वाढते आहे आणि हा म्हातारपणाचा रोग आहे. सरकारी पातळीवर पीएसएची सार्वत्रिक मोहीम आपल्याकडे नाही. खासगी प्रयोगशाळांच्या संपूर्ण तपासणीच्या पॅकेजात मात्र ती पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी बहुधा असतेच. निवृत्त सहकारी असे पॅकेज घेतात, अहवालात एका आकड्यापुढे चांदणी दिसते आणि घर हादरते. तपासणीला हो म्हणायचे की नाही, हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते. पुढचे निर्णयही पुष्कळदा मुलगे आणि जावई घेतात. ज्याची लघवी गळणार किंवा ज्याची हाडे दुखणार, त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून आम्हाला वाटते की वर्गातील त्या वाक्यात थोडी भर घालावी. रोग लवकर ओळखणे चांगले, पण केव्हा? लवकर ओळखल्याने पुढचे काही बदलणार असेल आणि तो बदल अनुभवायला माणसाजवळ वर्षे असतील तेव्हा. ती वर्षे किती हे कोणतीच प्रयोगशाळा सांगत नाही. ती कशी घालवायची, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्यासाठी त्याला आकडे समजेल अशा भाषेत सांगणारे कोणीतरी जवळ हवे. ते काम डॉक्टरांचे आहे, पण ज्याला टक्केवारी शिकवता येते अशा माणसाचेही आहे.